राष्ट्रपतींच्या वतीने मी काढलेला हुकूम

मी एकदा केंद्र सरकारच्या एका नोकराला कामावरून काढून टाकलं. राष्ट्रपतींच्या वतीने. हुकूम दोन ओळींचा होता, रजिस्ट्रीच्या जुन्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला, आणि त्याखाली तारखेचा गोल शिक्का मी इतक्या जोरात मारला होता की कागद कडेला जरासा फाटला. राष्ट्रपतींना यातलं काही माहीत नव्हतं. राष्ट्रपती तिकडे दिल्लीत, आणि मी इकडे मुकुटबनच्या पलीकडच्या एका गावात, घराच्या पुढच्या खोलीत, बनियनवर बसलेला.

ही पुढची खोली म्हणजेच आमच्या गावचं पोस्ट. खेड्यातल्या शाखा डाकघराला सरकार इमारत बांधून देत नाही, जागा पोस्टमास्तरनेच द्यायची असते. माझ्याकडे एक टेबल, एक लोखंडी पेटी, वजनकाटा, शिक्का, शाईची गादी आणि आतल्या खोलीच्या दारावर फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे भारत सरकार आणि पलीकडे माझी बायको. खरी सत्ता कोणत्या बाजूला आहे याबद्दल गावात कोणाचाच गैरसमज नव्हता. माझा होता.

पोस्टात माणसं दोन. मी आणि एक डाकसेविका. ती जंगलाच्या कडेच्या पोडावरची. आमच्याकडे कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. त्या पोडावरची दहावी झालेली ती पहिली मुलगी, आता तिशी ओलांडलेली बाई. रोज सकाळी फाट्यावर एसटीतून टपालाचा थैला उतरवून घ्यायचा, माझ्याकडे आणायचा, मी शिक्के मारले की गावात आणि आसपासच्या पोडांवर वाटायचा, हे तिचं काम. मला ती मास्तरजी म्हणायची आणि मी तिला बाई. आमचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला दोन माणसं लागतात, आणि ती कामाच्या वेळात बोलतच नसे.

आता राष्ट्रपती मध्ये कसे आले ते सांगतो.

नोकरी लागली तेव्हा मी एका बंधपत्रावर सही केली होती. आमच्या खात्याची ती रीतच आहे. कागदाच्या एका बाजूला भारताचे राष्ट्रपती आणि दुसऱ्या बाजूला मी. मध्ये कोणी नाही. ते वाचून मी दोन दिवस सासुरवाडीला फोन करत होतो. मग यवतमाळला प्रशिक्षण झालं. शिकवणारे साहेब निवृत्तीला टेकलेले, आवाज असा की पंख्यानेसुद्धा झोपावं. पण एका दुपारी ते म्हणाले की केंद्राचा नोकर हा राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच नोकरीत असतो, घटनेचं कलम तीनशे दहा, आणि मी ताठ बसलो. मर्जी! राजेमहाराजांनंतर हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि ज्यांची मर्जी, त्यांच्याशी तर माझा थेट कागद झालेला.

नेमकं त्याच वेळी खिडकीतून आलूबोंडे तळल्याचा वास आला. मला वाटलं, कलम संपलं. मी मागच्या दाराने निघालो. दोन खाल्ले, तिसऱ्यासाठी थांबलो, कारण घाणा नवा होता. परत आलो तर साहेब फळा पुसत होते. कोपऱ्यात ३११ एवढा आकडा पुसायचा राहिला होता. मी शेजारच्याला विचारलंही नाही की ते काय. खोलीचा नंबर असेल, असं धरून चाललो.

म्हणजे माझी राज्यघटना आलूबोंड्यापर्यंतच झालेली आहे. पुढची राहून गेली.

गावात परत आल्यावर मी ते तीनशे दहा जो भेटेल त्याला ऐकवलं. फाट्यावर एका चाचांचं पंक्चरचं दुकान आहे. तिथे ट्रकवाले थांबतात, वणीकडून कोळसा घेऊन आलेले, काळेठिक्कर. सकाळी एसटी येईपर्यंत मी तिथे बाकावर बसायचो आणि चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत माझं ऐकायचे. त्या दिवशीही तसाच बसलो होतो. मी म्हणत होतो की या गावात सरपंच निवडून येतो, तलाठी बदलून जातो, पण राष्ट्रपतींचा थेट माणूस एकच आहे. चार ट्रकवाले ऐकत होते. तेवढ्यात एसटी आली, बाईने थैला उतरवून घेतला, त्या दिवशी तो पार्सलांनी फुगला होता, आणि ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"मास्तरजी," ती म्हणाली, "राष्ट्रपतीचे मानूस हाय ना तुमी? मंग थैल्याचा एक कान धरा. राष्ट्रपतीचंच वझं हाय."

चाचांच्या हातातून ट्यूब सुटून पाण्यात पडली. ट्रकवाले इतके हसले की एक जण चाकाला टेकून खाली बसला. चाचा म्हणाले, "पकडो मास्टर, पकडो, दिल्ली से देख रहे हैं."

मी थैल्याचा कान धरला. घरापर्यंत धरला. आणि सगळी वाट मनात एकच शब्द घोळवत आलो. मर्जी.

त्या दुपारी मी तो हुकूम लिहिला. 'भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने कळविण्यात येते की, आपण उद्यापासून कामावर येऊ नये. मर्जी राहिलेली नाही.' खाली सही, सहीखाली शिक्का. माझा बेत फार साधा होता. ती कागद वाचणार, घाबरणार, संध्याकाळपर्यंत माफी मागायला येणार, आणि मी उदार होऊन तिच्यासमोर तो कागद फाडून टाकणार. फाडताना काय बोलायचं तेही ठरलं होतं.

तिने कागद घेतला. उभ्याउभ्या दोनदा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला, शाई ओली आहे का बघितल्यासारखा. मग चार घड्या करून पिशवीत ठेवला, त्या दिवशीचं उरलेलं टपाल नीट टेबलावर मांडलं, आणि "येते जी," म्हणून निघून गेली.

संध्याकाळ झाली. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटी आली, कंडक्टरने थैला खाली टाकला आणि तो रस्त्यावर तसाच पडून राहिला. चाचा ट्यूब बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. थैला मी उचलला.

मला तेव्हा कळायला हवं होतं. पोडावर जो कागद येतो तो शिक्क्याचाच येतो. जंगल खात्याचा, तहसीलचा, दवाखान्याचा. शिक्क्याच्या कागदाशी वाद घालून काही होत नाही, हे त्या लोकांनी पिढ्यानपिढ्या शिकलेलं. आणि शिक्का मारून गंमत करणारा माणूस त्यांनी त्याआधी पाहिलेला नव्हता. गावातला एखादा असता तर कागद घेऊन चौकात आला असता, चार शिव्या घातल्या असत्या, प्रकरण तिथेच मिटलं असतं. तिने हुकूम पाळला.

पुढचे दिवस टपाल मीच वाटलं. त्याचं वर्णन करण्यासारखं नाही, तरी करतो. एका पोडावर एकाच नावाची तीन माणसं निघाली. मी पत्र पहिल्याला दिलं, त्याने ते घेतलं, कारण सरकारी माणूस देतो आहे तर आपलंच असेल. ते तिसऱ्याचं होतं. तुरीच्या शेतातून जाताना वाघाच्या भीतीने मी मोठमोठ्याने गाणं म्हणत जायचो, आणि वेचणीवरच्या बायका कापूस सोडून बघायच्या. बाई हे सगळं रोज करत होती. गाणं न म्हणता.

मोठ्या पोस्टातून फोन आला. थैला कोण नेतं आहे, बाई कुठे आहे? मी म्हटलं, आली नाही. अर्ज दिला का? म्हटलं, नाही. मग ते म्हणाले की तसं लिहून पाठवा. मी लिहिलं. 'डाकसेविका विनाअर्ज गैरहजर आहेत.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, पण इतकं खरं बोलून इतकं वाईट कधी वागलो नव्हतो.

चौथ्या दिवशी मी पोडावर तिच्या घरी गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होती. मी म्हटलं, बाई, झालं गेलं, उद्यापासून ये. ती उठून उभी राहिली, हात पुसले आणि म्हणाली, "मंग थो कागद रद्द झाला का?"

मी म्हटलं, झाला असंच समज.

"समजून कसं चालन, जी? जुन्या हुकुमाचा कागद हाय. रद्दचाही कागद पायजे. शिक्का मारून द्या, आत्ताच्या आत्ता येईन."

तिचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं. कोणत्याही कचेरीत हेच सांगितलं असतं. पण माझा जीव तिथे अडकला. पहिला कागदच बेकायदा, हे आतापर्यंत मला आतून कळायला लागलं होतं. त्यावर दुसरा लिहून दिला तर माझ्याच अक्षरात दोन पुरावे झाले. मी म्हटलं, पाहतो. आणि पाहत राहिलो. रोज सकाळी शिक्का हातात घ्यायचा, तारीख बदलायची, आणि 'विनाअर्ज गैरहजर' लिहायचं.

मग एका सकाळी थैला उघडला तर वरच तिच्या नावाची रजिस्ट्री. आमच्या तालुक्याच्या निरीक्षक साहेबांकडून. ते पाकीट कशाचं आहे हे कळायला ते उघडावं लागत नव्हतं. आमच्या खात्यात असल्या पाकिटाची जाडी सगळ्यांना पाठ असते. आरोपपत्र. आणि रजिस्ट्री ज्याच्या नावाची त्याच्याच हातात द्यायची, सही घ्यायची. ती देणारी बाईच कामावर नाही. म्हणजे ती मीच न्यायची.

त्या दिवशी तुरीतून जाताना मी गाणं म्हटलं नाही. वाघ आला असता तर बरंच झालं असतं.

तिने सही केली, तारीख घातली, पावती मला परत दिली आणि माझ्यासमोरच पाकीट उघडलं. दारातल्या उजेडात सगळं वाचलं. मी जायला हवं होतं, पण उभाच राहिलो. वाचून झाल्यावर तिने मान वर केली.

"याच्यात लिवलं का मी आपल्या मनानं आली नाई."

मी पावतीची घडी घातली.

"अन् याच्यात लिवलं का तुमचं म्हननं दहा दिवसांत लेखी द्या. चौकशी होईन. मंग ठरन." तिने परत त्या ओळीवर बोट ठेवलं. "मास्तरजी, पह्यल्या कागदात तर असं इचारलं नोतं. हे बी राष्ट्रपतीच अन् थे बी राष्ट्रपतीच. मंग एक इचारते अन् एक इचारत नाई, असं काहून? दोन हायत का?"

मी आयुष्यात राज्यघटनेबद्दल ऐकलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. उत्तर माझ्याकडे होतं. फक्त 'नाही, पहिला मी होतो' एवढंच. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, तो जुना कागद दे माझ्याकडे, त्याचं काय करता येतं ते बघतो, चौकशीच्या दिवशी सगळं ठीक करून टाकू.

ती आत गेली. पत्र्याच्या पेटीतून कागद काढून आणला. तसाच चार घड्यांचा. "घ्या," ती म्हणाली. "जुनं रेशन कार्ड जमा केल्याबिगर नवं भेटत नाई, मले मालूम हाय." आणि वर म्हणाली की सरकारी मूळ कागद घरात ठेवायचा म्हणजे भेवच वाटत होतं, उंदरांनी खाल्ला तर.

आता तिच्याकडे काहीच राहिलं नव्हतं. ती का आली नाही याचा जगात जो एकुलता एक पुरावा, तो माझ्या शर्टाच्या खिशात, मोबाइलच्या मागे. दाखवला तर तिची नोकरी राहते आणि माझी जाते. नाही दाखवला तर विनाअर्ज गैरहजर म्हणून ती जाते, आणि मी राहतो राष्ट्रपतींचा थेट माणूस.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "म्हंजे थैल्याचा कान धराले लावला म्हनून तुमी तिची भाकर काढली."

मी म्हटलं, तसं नाही.

"मंग कसं?" तिने भाकरी उलटली. "कागद खिशात हाय ना? मंग आना इकडं. चूल पेटलेलीच हाय."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी खिशाला हात लावला नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. पण त्या दिवसापासून चौकशीच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. ताटात मीठ आहे का, दाराला कडी घातली का. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा खिसा चाचपायची मला सवय लागली. कागद असायचाच. हरवला असता तरी मला चाललं असतं. हरवला असं म्हणता आलं असतं. एक दिवस मी शर्ट मुद्दाम धुवायच्या ढिगात टाकला. बायकोने कागद काढून टेबलावर, शिक्क्याखाली दाबून ठेवला.

मी आरशासमोर उभं राहून एक वाक्य बसवलं होतं. 'कोणता कागद, साहेब?' भुवया किती वर न्यायच्या, तेसुद्धा.

चौकशी माझ्याच पोस्टात झाली, म्हणजे माझ्याच घरात. निरीक्षक साहेब सकाळी मोटरसायकलवर आले. पन्नाशीचे, चेहरा कोरडा, बोलणं तोलून. पाणी प्यायले, चहा नको म्हणाले. मग मला उठवून माझ्या खुर्चीवर बसले. बाई आली, दारात उभी राहिली. साहेबांनी स्टूल पुढे सरकवलं आणि बसा म्हणाले. ती बसत नव्हती. साहेब म्हणाले की उभ्या माणसाचं म्हणणं मी लिहून घेत नाही, आधी बसा. ती बसली. मी भिंतीला टेकून उभा. पडद्यामागे लसूण ठेचायचा आवाज.

साहेबांनी कोरा कागद पुढे घेतला. "हे बघा," ते तिला म्हणाले, "तुमच्यावर काय आरोप आहे ते तुम्ही वाचलं आहे. तुमचं ऐकल्याशिवाय काहीही होणार नाही. सावकाश सांगा. का आल्या नाहीत?"

"मास्तरजीनं कागद देल्ला होता, येऊ नको म्हनून."

"कोणता कागद?"

माझं बसवलेलं वाक्य साहेबांनीच म्हणून टाकलं. मला एकदम तोंडातला घास कोणी काढून घेतल्यासारखं झालं.

"राष्ट्रपतीचा," ती म्हणाली. "शिक्का होता. म्हनून आली नाई. नाईतर मी कायले घरी बसू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे वळले. काय प्रकार आहे म्हणून विचारलं. आवाज चढवला नाही. माझी जीभ टाळूला लागली, 'को' हा आवाज निघायच्या बेतात होता, हे मी शपथेवर सांगतो. एवढा जवळ मी कधीच गेलो नव्हतो. तेवढ्यात बाई बोलली. माझ्याशी नाही, साहेबांशी, त्यांची काळजी दूर करावी तसं.

"कागद मास्तरजीपाशी जमा हाय, साहेब. थे देतीन. त्याहीनंच सांगतलं होतं का चौकशीच्या दिवशी ठीक करू."

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मी नीट शोधला. टोमणा असता तर मी सुटलो असतो, मला राग आला असता, 'को' बाहेर पडला असता. तिला खरंच वाटत होतं की मी देणार.

पडद्यामागचा लसणाचा आवाज थांबला.

मी खिशातून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. तो उलटा पडला, रजिस्ट्रीच्या फॉर्मची छापील बाजू वर. साहेबांनी उलटवला. वाचला. परत वाचला. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"अक्षर?"

"माझं."

"शिक्का?"

"पोस्टाचा."

"आणि राष्ट्रपती?"

"त्यांचा काही संबंध नाही, साहेब."

कोणी हसलं नाही. मला कोणी हसावं असं फार वाटत होतं. साहेबांनी विचारलं की ही मर्जीची भाषा मला कोणी शिकवली. मी म्हटलं, प्रशिक्षणात, तीनशे दहा. मग तीनशे अकरा? मी म्हटलं, त्या वेळी मी बाहेर होतो. कुठे? खोटं बोलायची ताकद संपली होती. मी म्हटलं, आलूबोंडे खात होतो.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात, मला नाही तर त्या कागदालाच सांगावं तसं बोलत गेले. मर्जी असते, बरोबर आहे. पण पुढच्याच कलमात ती मर्जी बांधून ठेवलेली आहे. ज्याने नेमलं त्याच्या खालच्या माणसाला काढता येत नाही. काढायच्या आधी आरोप काय ते लेखी सांगावं लागतं, समोरच्याचं ऐकावं लागतं, चौकशी करावी लागते. "राष्ट्रपतींच्या नावाने काढायचं म्हटलं तरी एवढं सगळं करावं लागतं, मास्तर," ते म्हणाले. "तुम्ही दोन ओळींत मोकळे झालात."

त्यांनी बाईचं म्हणणं लिहिलं, तिला वाचून दाखवलं, एका जागी तिने शब्द बदलायला लावला, तो बदलला, मग सही घेतली. माझा कागद टाचणीने मागे लावला. आरोप उरत नाही, म्हणाले, उद्यापासून कामावर. तिने मान हलवली. रद्दचा कागद मिळेल का, एवढंच विचारलं. साहेब म्हणाले, मिळेल. शिक्क्यासकट.

मग माझ्याकडे वळले.

"मला आत्ता, या मिनिटाला, तुम्हाला घरी पाठवावंसं वाटतं," ते म्हणाले. "पण एक तर तुम्ही घरीच आहात. दुसरं, हिला नेमलं मी, पण तुम्हाला नेमलं जिल्ह्याच्या साहेबांनी. मला तुम्हाला काढता येत नाही. तुम्हालाही आरोपपत्र मिळेल, तुमचंही ऐकून घेतलं जाईल. इच्छा नसली तरी."

भिंतीला टेकलेल्या मला तेव्हा कळलं की मी कशाच्या आडोशाला उभा आहे. ज्या कलमाच्या वेळी मी तिसऱ्या आलूबोंड्याची वाट बघत होतो, त्याच कलमाच्या.

तोवर मात्र मला कामापासून दूर ठेवलं. खात्यात याला पुटऑफ म्हणतात. पोस्टाचा कारभार तात्पुरता बाईकडे. साहेबांसमोर मी तिला एकेक वस्तू मोजून दिली. पेटीची किल्ली, वजनकाटा, शाईची गादी. शेवटी शिक्का. तिने त्यातले तारखेचे खिळे एकेक काढून तपासले, दिवस बरोबर लावला, आणि कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवला. हलक्या हाताने. गोल, स्वच्छ, कागद कुठेही न फाटता. बायकोने पडदा सरकवला आणि चहाचे दोन कप टेबलावर ठेवले. एक साहेबांसमोर, एक बाईसमोर. साहेब आता नको म्हणाले नाहीत.

आता माझ्याच पुढच्या खोलीत, माझ्याच खुर्चीवर ती बसते आणि मी पडद्यापलीकडे लसूण सोलतो. थैला आणायला तीच फाट्यावर जाते, मग येऊन टेबलाशी बसते, मग परत वाटायला निघते. एकटीच. चाचा म्हणतात, "मास्टर, अब दिल्ली तुम्हारे घर में बैठती है."

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मी पडद्याआडून ऐकत होतो. थैला उघडल्याचा आवाज. शिक्क्यांची टकटक. मग टकटक मध्येच थांबली. खुर्ची सरकली. मला वाटलं, ती पडदा सारून पाकीट आत देईल, चार पावलांचं तर अंतर. पण ती पुढच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून मागच्या अंगणात आली आणि मागच्या दाराची कडी वाजवली. टपाल घरपोच द्यायचं असतं.

"मास्तरजी," ती म्हणाली, "तुमची रजिस्ट्री हाय."

मी जाडी बघितली. सही केली. तारीख घालायला विसरलो, तिने बोट ठेवून दाखवलं. पावती फाडून घेतली, पण गेली नाही.

"दहा दिवस असतीन," ती म्हणाली. "माह्यात होते. घाबरू नका. इचारून राह्यलेत तुमाले."

मी पाकीट हातात धरून उभा. जिल्ह्यात काय ठरेल ते अजूनही ठरायचं आहे, नोकरी राहील की जाईल हे मला आज हे लिहितानाही माहीत नाही. तेव्हा मात्र पाकीट उघडायच्या आधीच मी तिलाच विचारलं, बाई, काय लिहू?

तिने पावती पिशवीत ठेवली.

"जे झालं थे लिवा," ती म्हणाली. "अन् कोऱ्या कागदावर लिवा, जी. फारमाच्या मांगं नका लिवू."